चाळीस बाया आणि एक निळा ठिपका

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगडाच्या अंगाला असलेल्या पाड्यांवर आम्ही एकल बायांचा सर्व्हे करत होतो. टाकलेल्या, विधवा, लग्नच न झालेल्या, नवरा ऊसतोडीला म्हणून गेला तो परतलाच नाही अशा. कुणाच्या नावावर घर आहे, कुणाचं रेशनकार्ड वेगळं आहे, कुणाला पेन्शन मिळते, एवढीच साधी माहिती गोळा करायची होती. ज्या संस्थेकडून या कामाला पैसे मिळणार होते तिनं आम्हाला पाच टॅब दिले. कागदाचं ओझं नको, बेरजा आपोआप होतील, आणि प्रत्येक घराचं लोकेशन फॉर्मबरोबर नोंदलं जाईल, असं सांगितलं. फॉर्मामागे ठरलेले पैसे मुलींना मिळणार होते. मुली पाच, सगळ्या याच भागातल्या. दोघी बारावी झालेल्या, एक आशाताईंची मुलगी, एक स्वतःच टाकलेली.

पंधरा दिवस उन्हातान्हात फिरल्या. मग फोन आला, "ताई, तुमच्या मुलींनी घरबसल्या फॉर्म भरलेत."

कशावरून? तर चाळीस घरांचे चाळीस ठिपके नकाशावर एकाच जागी पडले होते. संगमनेर शहरात, एका कॉलनीत, एका इमारतीवर. पाड्यांपासून पन्नासच्या वर किलोमीटर लांब. म्हणजे चाळीस एकल बाया रातोरात संगमनेरला एका छपराखाली राहायला गेल्या होत्या, किंवा मग आमच्या पाचजणी तिथल्या एखाद्या खोलीत पंख्याखाली बसून नावं रचत होत्या. संस्थेला दुसरं खरं वाटलं. फॉर्म रद्द, पैसे थांबले.

मुलींना हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. एकजण नुसती रडली. आशाताईंची मुलगी मात्र चिडून म्हणाली, "त्या म्हातारीनं मला नागलीची भाकर करून घातली. मी जेवले तिथं. ते त्यांच्या टॅबला कुठून दिसणार?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा लेख.

आधी त्या ठिपक्याचं काय झालं ते सांगते, कारण ते आपल्याला कुणी सांगत नाही. टॅब हातात देणारेही सांगत नाहीत, बहुधा त्यांनाही माहीत नसतं. आम्हाला ते राजूरच्या बाजारातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्या पोरानं सांगितलं. त्यानं टॅब उलटासुलटा केला, खोक्यावरचं बारीक अक्षर वाचलं आणि म्हणाला, "याच्यात जीपीएसच नाही."

आम्ही उडालोच. नकाशा उघडतो, निळा ठिपका दिसतो, आणि जीपीएस नाही? मग ठिपका आला कुठून?

तर त्याचं असं आहे. आपण कुठं आहोत हे यंत्राला कळण्याच्या निदान तीन वाटा आहेत. पहिली उपग्रहांची, म्हणजे जीपीएसची. जमिनीपासून सुमारे वीस हजार किलोमीटरवर फिरणारे उपग्रह वेळेचे इशारे पाठवत असतात. निदान चार उपग्रहांचे इशारे मिळाले की त्यांना पोचायला लागलेल्या वेळावरून यंत्र आपली जागा काढतं. उघड्या आकाशाखाली चांगल्या फोनला ती पाचेक मीटरच्या फरकानं कळते. दुसरी वाट मोबाइलच्या टॉवरची. शहरात ती काहीशे मीटरची चूक करते, खेड्यात काही किलोमीटरची. तिसरी वाट वाय-फायची. आजूबाजूला जे वाय-फायचे राऊटर चालू असतात त्यांचे क्रमांक यंत्र ऐकतं आणि कंपनीच्या भल्यामोठ्या यादीत शोधतं, की हा राऊटर याआधी कुठं होता बरं? तो जिथं नोंदला असेल तिथं आपला ठिपका टेकवतं.

टॅब सगळे सारखे नसतात. स्वस्तातले, नुसत्या वाय-फायवर चालणारे बरेच टॅब पहिल्या वाटेनं जाऊच शकत नाहीत, कारण तो भागच त्यांच्यात घातलेला नसतो. आणि हे फक्त स्वस्तातल्यांचं नाही. आयपॅड २०१० साली आला तेव्हापासून सिमकार्डच्या मॉडेलमध्ये जीपीएस असतं, नुसत्या वाय-फायच्या मॉडेलमध्ये नसतं. दिसायला दोन्ही एकसारखेच. नकाशा दोन्हींवर उघडतो, ठिपका दोन्हींवर दिसतो.

आमच्या मुलींना टॅबबरोबर नेटसाठी एक छोटा सिमकार्डवाला राऊटर दिला होता, पिशवीत टाकून न्यायचा. तोच राऊटर आधीची दीड-दोन वर्षं संस्थेच्या दुसऱ्या एका प्रकल्पात संगमनेरच्या एका खोलीत चालू होता. कंपनीच्या यादीत त्याचा पत्ता संगमनेर असाच पक्का बसलेला. डोंगरात दुसरा राऊटर नाहीच, तेव्हा टॅबनं बिचाऱ्यानं जो एक आवाज ऐकला त्यावर विश्वास ठेवला. मुली पाड्यावर, राऊटर मुलींच्या पिशवीत आणि ठिपका संगमनेरला.

संगमनेर! १९८८ साली परित्यक्तांची परिषद जिथं भरली होती, टाकलेल्या बाईचा प्रश्न जिथून महाराष्ट्रभर गेला, ते संगमनेर. आमच्या एका जुन्या कार्यकर्तीला हे कळल्यावर ती हसत सुटली. म्हणाली, यंत्राला बरोबर माहीत होतं गं, कुठं न्यायचं ते. हसलो सगळ्या, पण मुलींचे पैसे अडकलेलेच होते.

आता यात राऊटरचा दोष आहे, टॅबचा आहे, न विचारता टॅब घेणाऱ्या आमचाही आहे. पण मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. पाच मुली सांगत होत्या की आम्ही गेलो होतो. चाळीस बाया सांगू शकत होत्या की या आल्या होत्या. पंचेचाळीस बायांची तोंडं एका बाजूला आणि एक निळा ठिपका दुसऱ्या बाजूला, तर खरं कुणाचं धरलं गेलं? पंचायतीत, पोलीस ठाण्यात, कोर्टात बाईच्या साक्षीचं वजन किती धरतात याच्यावर आपण वर्षानुवर्षं बोलत आलो. आता तिच्या साक्षीला खोटं पाडायला पुरुषही लागत नाही.

आणि हा साक्षीदार तरी कसा? नीट बघितलंत तर ठिपक्याभोवती एक फिकट निळं वर्तुळ असतं. कधी छोटं, कधी अख्खं गाव मावेल एवढं. ते वर्तुळ म्हणजे यंत्राचा कबुलीजबाब आहे, की मला नक्की माहीत नाही, या गोलात कुठंतरी. अँड्रॉइडच्या स्वतःच्या तांत्रिक माहितीत तर लिहिलंय की खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के धरावी. म्हणजे तीनातल्या एका वेळी माणूस वर्तुळाच्याही बाहेर असू शकतं, हे बनवणाऱ्यांनाच मान्य आहे. पण आपल्या फॉर्ममध्ये काय उतरतं? फक्त ठिपका. अक्षांश-रेखांश, दशांश चिन्हापुढे सहा-सहा आकडे. वर्तुळ गळून पडतं. यंत्राची शंका वाटेत कुठंतरी पुसली जाते आणि साहेबाच्या टेबलावर पोचते ती नुसती खात्री.

ज्या टॅबमध्ये जीपीएस आहे तोही डोंगरात चुकतो. दरीत आकाशाची पट्टी अरुंद दिसते, उपग्रह कमी सापडतात. कड्यावर आपटून आलेला इशारा सरळ आल्यासारखा मोजला जातो आणि जागा सरकते. घरात पत्र्याखाली उभं राहून बटण दाबलं की आणखीच गोंधळ. नेट नसेल तर उपग्रहाकडूनच सगळी माहिती उतरवून घ्यावी लागते, आणि उपग्रह बोलतो फार सावकाश. सगळ्या उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक एका उपग्रहाकडून मिळायला साडेबारा मिनिटं लागतात. नवा टॅब घेऊन नेट नसलेल्या माळावर उभं राहिलं तर पहिल्यांदा धीर धरायलाच हवा. फॉर्मामागे पैसे मिळणारी मुलगी साडेबारा मिनिटं उन्हात थांबेल का? तिनं का थांबावं?

दिशा दाखवणाऱ्या बाणाचंही तेच. टॅबला जे लोहचुंबकाचं झाकण लावतो ना, फटकन मिटणारं, त्यानं होकायंत्र बिघडतं. आमची एकजण बाणाच्या मागं मागं जाऊन बरोबर उलट्या बाजूला, ओढ्यात उतरली होती. झाकण काढल्यावर बाण सुधारला. काही टॅबमध्ये होकायंत्रही नसतं, तिथं चालायला लागल्याशिवाय बाणाला दिशा कळतच नाही.

इथं एक गैरसमज काढून टाकते, कारण शिबिरात तो दर वेळी निघतो. "उपग्रहाला आपण दिसतो का?" नाही. उपग्रह नुसता बोलतो, ऐकत नाही. रेडिओसारखं समजा, आपण बिनाका लावली म्हणून स्टेशनवाल्याला आपलं घर कळत नव्हतं. आपली जागा आपल्या हातातल्या यंत्राला कळते. ती पुढे कोण कुणाला कळवतं? तर त्या यंत्रातली ॲप, त्या यंत्राच्या खात्याचा मालक, आणि आपल्याला ते यंत्र देणारा. आकाशाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. जो पाहतो तो जमिनीवरच असतो आणि बहुतेक वेळा आपल्या ओळखीचा असतो.

जीपीएस जन्मलं अमेरिकी सैन्यासाठी. पहिला उपग्रह १९७८ साली सोडला. सामान्य माणसांना मिळणारा इशारा मुद्दाम बिघडवून, शंभरेक मीटरची चूक घालून दिला जाई. मे २००० मध्ये ते बंद केलं तेव्हा कुठं हे सगळे नकाशे आणि टॅक्स्या शक्य झाल्या. त्या यंत्रणेमागचं पृथ्वीच्या आकाराचं किचकट गणित करणाऱ्यांत ग्लॅडिस वेस्ट ही कृष्णवर्णीय गणितज्ञ बाई होती. शेतमजुरी करणाऱ्या कुटुंबातली. अमेरिकेच्या नौदलाच्या केंद्रात तिनं बेचाळीस वर्षं नोकरी केली, आणि जगाला तिचं नाव कळलं ते निवृत्तीनंतर वीस वर्षांनी, २०१८ च्या सुमाराला. आपला स्वतःचा 'नाविक' आहे, सात उपग्रहांचा, २०१३ ते २०१६ मध्ये सोडलेला. एवढा इतिहास पुरे.

आता 'तू कुठं आहेस?' या प्रश्नाकडे येते. हा प्रश्न आपल्याला नवीन नाही. उशीर झाला की बाप विचारतो, मग भाऊ, मग नवरा, मग मुलगा. फरक एवढाच की पूर्वी उत्तर आपण द्यायचो, आता यंत्र देतं. व्हॉट्सॲपवर २०१७ पासून लाईव्ह लोकेशनची सोय आली, पाव तास, एक तास, आठ तास. नोकरी करणाऱ्या किती तरी मुली मला सांगतात की ऑफिसला निघताना आठ तासांचं बटण दाबलं नाही तर संध्याकाळी घरात तोंडं वाकडी असतात. आठ तास म्हणजे पाळीच झाली! काळजीपोटी म्हणतात. काळजी असेलही. पण नवऱ्याचं लोकेशन ती बघते का, असं मी विचारलं की मुली हसतात.

टॅबचा यात एक खास धोका आहे तो फोनपेक्षा वेगळा आहे, म्हणून थोडं थांबून सांगते. फोन आपण 'आपला' समजतो, लपवतो, बंद करतो. टॅब घराचा असतो. मुलांच्या अभ्यासाला घेतलेला असतो. कोविडच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी किती घरांत आला! तो सुरू केलेला असतो बहुधा नवऱ्याच्या खात्यावरून, त्याच्या ईमेलनं. हरवला तर सापडावा म्हणून त्यात सोय असते, खात्याचा मालक कुठूनही बघू शकतो की टॅब या क्षणी कुठं आहे.

आमच्या केंद्रात एक बाई दोन लेकरांना घेऊन आली. अंगावरच्या कपड्यांनिशी. फोन तिनं मुद्दाम घरीच ठेवला होता, शहाणी बाई. पण लेकरू रडू नये म्हणून त्याचा टॅब पिशवीत टाकला. आमच्याकडे वाय-फाय आहे, पोरानं कार्टून लावलं. तिसऱ्या दिवशी नवरा दारात. बरोबर आमच्या दारात, शेजारच्याही नाही. इथं मात्र ठिपका चुकला नाही.

मला हा विरोधाभास वाटत नाही. चुकायचं तिथं चुकणं आणि नको तिथं अचूक असणं, दोन्हींचं मूळ एकच आहे. त्या बाईला विचारून ठिपका कुणी लावलेला नव्हता. आमच्या मुलींनाही कुणी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून आम्ही केंद्रात आलेल्या बाईला जेवलीस का याच्याबरोबर हेही विचारतो, की लेकरांचा टॅब आणलास का, तो कुणाच्या खात्यावर आहे. असेल तर तो वाय-फायला जोडत नाही, बंद ठेवतो. मात्र जी बाई अजून घरातच आहे, निघायची तयारी करते आहे, तिला 'लोकेशन बंद कर' असा सल्ला घाईनं देऊ नका. लोकेशन एकाएकी बंद झालं की त्याला संशय येतो, आणि निघण्याआधीचे दिवसच सगळ्यात धोक्याचे असतात. तिनं कधी, काय बंद करायचं ते तिच्याशी बसून ठरवा. शक्य असेल तर आयफोन, आयपॅडमध्ये २०२० पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०२१ पासून 'अचूक' ऐवजी 'अंदाजे' लोकेशन द्यायची सोय आहे, तीही प्रत्येक ॲपसाठी वेगळी. ती दाखवून ठेवा. पाठलाग करणं हा २०१३ पासून वेगळा गुन्हा आहे, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात बाईच्या इंटरनेटवर, ईमेलवर पाळत ठेवणंही त्यातच आहे. नवरा आहे म्हणून सूट, असं कलमात लिहिलेलं नाही. ठाण्यात हे सांगावं लागतं, ते स्वतःहून आठवत नाहीत.

घरातल्या नवऱ्यानंतर सरकार. अंगणवाडीताईंनी २०२१ च्या ऑगस्टमध्ये निकृष्ट मोबाइल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले ते आपल्याला आठवत असेल. पोषण ट्रॅकर इंग्रजीत, फोन जुना, जागा कमी, आणि माहिती भरली नाही तर मानधनावर टाच. रोजगार हमीच्या कामावर त्याच वर्षी हजेरीचं ॲप आलं. दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो, लोकेशनसकट. १ जानेवारी २०२३ पासून जवळजवळ सगळ्या सार्वजनिक कामांवर ते सक्तीचं झालं. डोंगरात नेट नाही, फोटो चढत नाही, म्हणजे दिवसभर माती वाहिलेल्या बाईची हजेरी नाही. या कामावर निम्म्याहून जास्त दिवस बायांनी भरलेले असतात, तेव्हा मजुरी कुणाची बुडाली ते सांगायला नको. दिल्लीत जंतरमंतरवर मजुरांनी त्या वर्षी याच्याविरुद्ध महिनोन्‌महिने धरणं धरलं. बरं, चोरी तरी थांबली का? जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानं राज्यांना लिहिलं, की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातायत, फोटोचा फोटो काढला जातोय. चोरी करणाऱ्याला वाट सापडते. खड्डा खणणाऱ्या बाईला रेंज सापडत नाही.

नागपूर, चंडीगड, पंचकुला या शहरांत सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली गेली. संडासला जाताना हे काढायचं की नाही, ही धास्ती पंचकुलाच्या कामगार बायांनी बोलून दाखवली होती. आयुक्तांच्या मनगटावर असं घड्याळ बांधल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

एवढं सगळं सांगितल्यावर काही मैत्रिणी म्हणतील की मग हे टॅब फेकून द्या. मी तसं म्हणत नाही. उलट, नकाशावर नसण्याचं दुःख आपल्या बायांइतकं कुणाला ठाऊक? भंडारदऱ्याच्या बाजूचा नकाशा उघडून बघा. काजवा महोत्सवाला येणाऱ्यांसाठी प्रत्येक रिसॉर्ट, प्रत्येक तंबूची जागा, प्रत्येक 'पॉइंट' आहे. पाड्यांची नावं मात्र किती तरी ठिकाणी नाहीत. मार्चनंतर बाया ज्या झऱ्यावर जातात तो झरा नाही. उपकेंद्र आहे, ते दुसऱ्याच वळणावर. बाळंतिणीला न्यायला आलेली गाडी फिरत बसते, आणि ड्रायव्हर फोनवर विचारतो, "लोकेशन पाठवा ना ताई." ज्या घरात असा फोनच नाही ते काय पाठवणार?

२०१६ च्या नियमांनी पुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये संकटाचं बटण आणि २०१८ पासून जीपीएस असलंच पाहिजे असं ठरवलं. चांगलं झालं. पण तो नियम मोबाइलचा. सिम नसलेल्या टॅबवरून ११२ ला साधा फोनही लागत नाही. मुलीला सुरक्षेसाठी टॅब घेऊन दिला म्हणणाऱ्या आईबापांनी हे लक्षात ठेवावं.

नकाशा बायांच्या हातात आला तर काय होतं याचं एक उदाहरण टांझानियातलं आहे. तिथल्या मारा प्रांतात मुलींच्या योनिच्छेदाची प्रथा आहे. डिसेंबरच्या सुट्टीत तो हंगामच असतो. मुली पळून येतात, आणि त्यांना आसरा देणाऱ्या घरच्या कार्यकर्त्यांना रात्री-अपरात्री त्यांना आणायला जावं लागतं. अडचण काय, तर त्या गावांचा नकाशाच नव्हता. रस्ते नाहीत, गावांची नावं नाहीत. २०१५ मध्ये 'क्राउड टू मॅप' म्हणून एक काम सुरू झालं. जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहाच्या चित्रांवरून रस्ते आणि घरं ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांसाठी खुल्या नकाशावर काढली, आणि गावातल्या लोकांनी फोन घेऊन फिरून त्यात नावं भरली. तो नकाशा नेटशिवाय फोनवर ठेवता येतो. तोच उपग्रह, तोच ठिपका. पण इथं मुलगी कुठं आहे हे शोधणारी माणसं तिनं स्वतः बोलावलेली आहेत.

कायद्यातही याचा आधार सापडतो, आणि तो आपल्या भागातल्या बायांना पाठ पाहिजे. वनहक्क कायदा २००६ चा. त्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं, आणि एकटी बाई कुटुंबप्रमुख असेल तर तिच्या एकटीच्या नावानं, असं स्पष्ट आहे. दाव्यांची मोजणी करायला जीपीएसची यंत्रं आली आणि भांडणं सुरू झाली. यंत्रात प्लॉट कमी भरला, उपग्रहाच्या चित्रात त्या वर्षी शेत दिसलं नाही, म्हणून दावा फेटाळा. तेव्हा २०१२ च्या दुरुस्तीत नियम घातला गेला, की उपग्रहाची छायाचित्रं आणि इतर तंत्र पुराव्याला जोड म्हणून चालेल, दुसऱ्या पुराव्याच्या जागी चालणार नाही. आणि दुसऱ्या पुराव्यांत काय आहे? गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा जबाब आहे. म्हातारीनं सांगितलं की इथं माझ्या सासूनं नाचणी केली, तर तो पुरावा आहे, आणि यंत्र त्याच्या खाली. प्रत्यक्षात दर वेळी असं होत नाही, ते आपण बघतोच. पण नियम लिहिलेला आहे.

माझं म्हणणं एवढंच, की जंगलच्या जमिनीला जो नियम लागू तो आमच्या पाच मुलींना का नाही? हजेरी असो, सर्व्हे असो, गृहभेटीची नोंद असो, ठिपका जोड म्हणून घ्या, बाईच्या शब्दाच्या जागी घेऊ नका. ठिपका आणि बाई यांच्यात तफावत आली तर आधी यंत्र तपासा, मग बाई. यंत्र तपासायला फार लागत नाही. मोकळ्या मैदानात वाय-फाय बंद करून उभं राहायचं, पाच-दहा मिनिटं वाट बघायची आणि पन्नास पावलं चालायचं. ठिपका आपल्याबरोबर चालला तर जीपीएस आहे, नाही तर नाही. आम्ही पहिल्याच दिवशी हे केलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. इथं चूक आमची, मान्य करते. फुकट मिळालेली वस्तू उलटून बघायची नाही ही आपल्या संघटनांची जुनी सवय आहे.

आणि जी नोंद घेतली जाते ती किती दिवस, कुणाकडे राहणार हे आधी लेखी मागा. एकट्या राहणाऱ्या चाळीस बायांच्या घरांची अचूक यादी, नकाशासकट! हे मला त्या गोंधळानंतर सुचलं, आणि अंगावर काटा आला. ठिपके चुकले तेच बरं झालं असं क्षणभर वाटून गेलं. कुठल्या पाड्यावर कुठल्या घरात बाई एकटी झोपते, हे एका फाइलमध्ये, कुणाच्या तरी लॅपटॉपवर. ती फाइल कुणाकुणाला पाठवली, हे आम्ही त्या संस्थेला विचारलं. उत्तर अजून आलेलं नाही.

मुली पुन्हा गेल्या. आवणीच्या दिवसांत, इरलं आणि प्लॅस्टिक घेऊन, या वेळी घरच्याच एका फोनवर लोकेशन आणि बाकी सगळं कागदावर. पाड्याचा एकच ठिपका घेतला, घराघराचा घेतला नाही, बायांनीच तसं सांगितलं. चाळीसपैकी एकतीसजणी भेटल्या. नऊजणी आवणीला जुन्नरकडे गेल्या होत्या. एकतीस फॉर्मांचे पैसे दिवाळीच्या तोंडावर मिळाले, नऊंचे राहिलेत. त्यासाठी पुन्हा पत्र दिलंय.

नव्या कागदावर आम्ही एक रकाना वाढवला होता, 'घर कुठं आहे, तिच्या शब्दांत'. ज्या म्हातारीनं भाकर घातली होती तिनं सांगितलं ते आशाताईंच्या मुलीनं जसंच्या तसं उतरवलंय: ओढा उतरून वर चढलं की जांभळीच्या खाली. दार पूर्वेला. कुत्रं भुंकतं, पण चावत नाही.